चौरस फुटांत पुरला, जमिनीवर कमी पडला

कापडाच्या व्यवसायात ज्याचे आयुष्य गेले, त्याला मापाविषयी कोणी शहाणपण सांगू लागले तर ते सहजासहजी रुचत नाही. इचलकरंजीतील एका साडीच्या दुकानाचे मालक याच पठडीतले. वय सदुसष्ट; घरात आणि बाजारात सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. कापडाचा तागा हातात घेताच त्यात किती मीटर शिल्लक असेल ते सांगणार, आणि सहसा चुकणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या वरच्या मजल्यावर लग्नाच्या बस्त्यासाठी स्वतंत्र दालन करण्याचे ठरले. तेथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरावा, ही कल्पना त्यांच्या मुलाची. गालिचा स्वतः मापून, घाऊक व्यापाऱ्याकडून स्वतः आणावा आणि बसवण्यापुरता मिस्त्री बोलवावा, हा निर्णय मात्र अण्णांचा.

निर्णय मुळात चुकीचा नव्हता. माल पुरवून बसवूनही देणाऱ्या दुकानदाराचा दर एकत्रित असतो. त्यात मालाचे किती, मजुरीचे किती आणि नफ्याचे किती, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. माल सुटा घेतला की दर समोर येतो, प्रत डोळ्यांनी पारखता येते, चार ठिकाणी भाव करता येतो. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला ही रीत साहजिकच जवळची वाटते. परंतु एकत्रित दरात आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि तिची किंमत बिलावर वेगळी लिहिलेली नसते. ती म्हणजे मापाची जबाबदारी. माप चुकले, माल कमी पडला, तर तो दुकानदार आपल्या खर्चाने भर घालतो. बँक हमीपत्र देते तेव्हा त्याचे कमिशन घेते. हमीची गरज पडली नाही तर ते कमिशन वाया गेले असे ग्राहकाला वाटते. माल स्वतः घेणारा गृहस्थ हे कमिशन वाचवतो, पण त्याबरोबर ती हमीही सोडून देतो. बहुतेकांच्या हे ध्यानात येते ते गालिचा जमिनीवर उलगडल्यानंतर.

अण्णांनी माप घेतले ते दुकानातील पोलादी मीटरपट्टीने. पट्टीवर वैधमापनाचा शिक्का होता, तेव्हा तिच्या खरेपणाविषयी शंका नव्हती. परंतु काउंटरवर कापड मोजणे आणि जमीन मोजणे यांत फरक आहे. एक मीटरची पट्टी खोलीच्या लांबीत सात वेळा उचलून ठेवायची, दर वेळी पेन्सिलीने खूण करायची, आणि प्रत्येक खुणेला थोडीशी सरक व्हायची. त्यातही लांबी बरोबर आली, २२ फूट. रुंदी त्यांनी जिन्याच्या बाजूला एकाच ठिकाणी मोजली. ती १४ फूट भरली. रस्त्याकडील टोकाला तीच रुंदी १४ फूट ३ इंच होती. इमारत जुनी, बाजूची भिंत गल्लीच्या वळणाबरोबर किंचित कललेली. डोळ्यांना ते जाणवत नव्हते.

मग हिशेब झाला. २२ गुणिले १४, म्हणजे ३०८ चौरस फूट. त्यावर पाच टक्के वाढ धरून ३२३. व्यापाऱ्याकडे जो गालिचा पसंत पडला त्याचा पन्हा ४ मीटर, म्हणजे १३ फूट दीड इंच. त्यातला साडेसात मीटर घेतला की ३० चौरस मीटर होतात आणि ३० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ३२३ चौरस फूट. आकडे असे जुळले की शंकेला जागा उरली नाही. दर चौरस फुटाला ९० रुपये. कर सोडून २९ हजारांच्या आसपास बिल झाले. कापण्यापूर्वी व्यापाऱ्याने विचारले होते, “मिस्त्रीने माप घेतले आहे ना?” अण्णा म्हणाले, “माप मी घेतले आहे.” पुढे विचारण्याचे कारण व्यापाऱ्याला उरले नाही.

एक गोष्ट अण्णांच्या कानापर्यंत नीट पोचलीच नव्हती. मिस्त्रीने आठ दिवस आधी मुलाला फोनवर सांगितले होते, की खोलीचा कच्चा नकाशा काढून पाठवा, मगच माल घ्या. मुलाने ते अण्णांना सांगितले. अण्णा म्हणाले, “चौकोनी खोलीचा नकाशा कसला काढायचा?” मुलगा पुढे बोलला नाही. ज्या घरात वडिलांचा शब्द मापासारखाच प्रमाण मानला जातो, त्या घरात अशा वेळी सहसा कोणी पुढे बोलत नाही.

ठरल्या दिवशी मिस्त्री आणि त्याचा मदतनीस कोल्हापूरहून सकाळी नऊला हजर झाले. मिस्त्रीने गालिचाला हात लावण्याआधी आपला टेप काढला. रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजली, लांबी दोन्ही भिंतींच्या कडेने मोजली, मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे भरले तर खोली काटकोनात आहे, नाहीतर नाही, इतका साधा हा पडताळा आहे. कर्ण सारखे नव्हते. नंतर त्याने गालिचा उलगडला आणि म्हणाला, “शेठ, माल कमी आहे.”

“कमी कसा? पंधरा फूट जास्तीचा आणला आहे.”

“चौरस फुटांत जास्त आहे, शेठ. पन्ह्यात कमी आहे.”

हे एक वाक्य समजून घेण्यासारखे आहे. गालिचा हा धान्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा माल नव्हे, की एकूण भरती झाली म्हणजे काम झाले. तो ठरावीक पन्ह्याच्या रोलमधून येतो. १४ फूट रुंदीच्या खोलीत १३ फूट दीड इंचाचा पन्हा लांबीच्या दिशेने अंथरला, तर एका भिंतीच्या कडेने संपूर्ण २२ फूट लांबीत साडेदहा इंचांपासून साडेतेरा इंचांपर्यंतची फट उरते. ती भरण्यासाठी अण्णांच्या मालात उरत होते काय? कडा कापण्यासाठी चार इंच धरून २२ फूट ४ इंचांचा तुकडा काढल्यावर सव्वादोन फूट. त्यातून त्याच दिशेच्या पट्ट्या काढायच्या तर प्रत्येक पट्टी सव्वादोन फुटांचीच, म्हणजे भिंतीच्या कडेने दहा तुकडे आणि त्यांच्या मध्ये नऊ जोड. दुसरा उपाय म्हणजे त्याच उरलेल्या मालातून पन्ह्याच्या दिशेने दोन लांब पट्ट्या काढायच्या. तेव्हा जोड एकच राहतो, परंतु लव आडवी जाते. मुख्य गालिचाची लव उभी आणि कडेची आडवी, म्हणजे एकच रंग दोन रंगांसारखा दिसतो. उजेड पडला की कडेची पट्टी गडद भासते.

मखमलीचे कापड विकणाऱ्या दुकानदाराला लव नवीन नाही. झग्याचा पुढचा भाग लव खाली आणि मागचा लव वर असा कापला, तर शिंपी शहाणा नव्हे, हे तो गिऱ्हाइकाला स्वतः सांगतो. तेच ज्ञान पायाखालच्या मालाला लागू करावे, असे अण्णांच्या मनात आले नाही. ज्ञान बहुधा ज्या काउंटरवर मिळते, त्या काउंटरवरच राहते.

अण्णांना दोन्ही उपाय पसंत पडले नाहीत, आणि त्या क्षणी चूक कोणाची हे पाहण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. “मिस्त्री म्हणवता आणि जुळवून घेता येत नाही,” एवढेच ते बोलले. दसऱ्याला दालन उघडायचे होते, हाताशी बारा दिवस होते, आणि खाली दुकानात गिऱ्हाईक थांबले होते. काम झाले नाही म्हणून मजुरीही नाही, असे सांगून त्यांनी मिस्त्रीला वाटेला लावले. मिस्त्रीने वाद घातला नाही. गुडघ्याने ढकलून गालिचा ताणण्याचे अवजार, चाकू आणि टेप पिशवीत भरून तो जिना उतरून गेला. दोन माणसांचा दिवस आणि येण्या-जाण्याचे भाडे त्याच्या पदरातून गेले.

दुपारी अण्णांनी व्यापाऱ्याला फोन केला. साडेसात मीटरचा तुकडा परत घेऊन मोठा द्यावा, ही विनंती. व्यापाऱ्याने नम्रपणे नकार दिला. कापलेला माल परत घेतला जात नाही, असे बिलावर छापलेले होते. अण्णांच्या स्वतःच्या दुकानात काउंटरमागे एक पाटी तीस वर्षे लटकते आहे: फाडलेले कापड परत घेतले जाणार नाही. त्यावरून त्यांनी आजवर किती गिऱ्हाइकांना परत पाठवले असेल, याचा हिशेब नाही. जादा तुकडा मिळेल का, असे विचारले, तर तो रोल संपलेला होता. नव्या रोलचा लॉट वेगळा. व्यापारी प्रामाणिक होता, त्याने सांगितले, की आधी नमुना उन्हात पाहा. मुलगा जाऊन नमुना घेऊन आला. दिव्याखाली रंग सारखा वाटला. दाराबाहेर नेला तेव्हा फरक उघड झाला. लॉट बदलला की छटा बदलते, हे साडीच्या व्यापाऱ्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

रात्री जेवणानंतर मुलाने आलेखाचा कागद पुढे घेतला. खोली काढली, जुन्या वर्तमानपत्रातून त्याच प्रमाणात गालिचाचा तुकडा कापला आणि तो खोलीवर ठेवून दाखवला. आडवा ठेवला असता काय झाले असते तेही मांडले. पन्हा खोलीच्या लांबीकडे फिरवला, तर दोन फाळे लागतात. रुंदी जास्तीत जास्त १४ फूट ३ इंच, त्यात चार इंच कडांसाठी, म्हणजे प्रत्येक फाळा १४ फूट ७ इंच. दोन फाळ्यांना मिळून ९ मीटर माल लागला असता. चौरस फुटांत तो ३८७, म्हणजे आणलेल्या मालापेक्षा सुमारे ६५ फूट अधिक, पैशांत ५ हजार ८०० रुपयांच्या आसपास. पण जोड एकच, लव सगळीकडे एका दिशेला. कागदाच्या कपट्यांनी जे दहा मिनिटांत दिसले, ते ३०८ या आकड्यात कोठेच दिसत नव्हते.

अण्णा बराच वेळ त्या कपट्यांकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, “मिस्त्रीने नकाशा मागितला होता, तो हाच?”

“होय, अण्णा.”

“तू तेव्हा नीट सांगायचे होतेस.”

मुलगा यावर काही बोलला नाही, आणि अण्णांनीही उत्तराची अपेक्षा ठेवली नसावी. सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांनी मुलाकडून नंबर लावून घेतला. “मिस्त्री, कालच्या हजेरीचे आणि भाड्याचे तुमचे पैसे आमच्याकडे निघतात. ते आधी घ्या. मग जमले तर पुन्हा या.” पैसे १ हजार ८०० झाले. पलीकडे क्षणभर काही आवाज नव्हता. नंतर मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला, “शेठ, त्या खोलीत सामान काय येणार आहे?”

हा प्रश्न आजवर कोणी कोणाला विचारला नव्हता. दालन रिकामे होते. सुतार आठ दिवसांनी येणार होता. साड्यांची कपाटे कोठे बसणार, हे अण्णांच्या डोक्यात पक्के होते, पण मिस्त्रीला ते दिसण्याचे कारण नव्हते. कपाटे त्याच लांब भिंतीला लागून बसायची होती, जिच्या कडेने फट उरत होती, आणि त्यांची खोली १८ इंच होती. मिस्त्रीचे म्हणणे सरळ होते. कपाटे आधी उघड्या फरशीवर बसवा; गालिचा त्यांच्या पायथ्यापर्यंत आणून कापतो. १४ फुटांतून दीड फूट वजा जाता साडेबारा फूट, दुसऱ्या टोकाला पावणेतेरा. दोन्हीही पन्ह्याच्या आत. जोडाची गरजच नाही. अर्धा कपाट गालिचावर आणि अर्धा फरशीवर ठेवला तर तो पुढे-मागे झुकतो, म्हणून कपाटाखाली गालिचा घ्यायचाच नाही, एवढे त्याने बजावले.

सुतार चार दिवस आधी बोलावला गेला. गालिचा दसऱ्याच्या दोन दिवस आधी बसला. हिशेब पाहिला तर सात मीटर माल पुरला असता. अर्धा मीटर, म्हणजे १ हजार ९०० रुपयांच्या आसपास माल जास्तीचा आला होता. जो माल आदल्या आठवड्यात कमी पडला होता, तोच आता उरला.

गालिचा स्वतः घेऊन मिस्त्रीकडून बसवून घेण्याचा विचार ज्या घरांत किंवा पेढ्यांत चालू असेल, त्यांनी या प्रकरणातून एक क्रम उचलण्यासारखा आहे. आधी मिस्त्री, मग माल. मिस्त्रीला माप घेण्यासाठी वेगळे पैसे द्यावेत, आणि काम पुढे त्यालाच द्यायचे नसले तरी ते द्यावेत. त्याने मोजून किती मीटर, कोणत्या पन्ह्याचा माल लागेल ते नकाशावर लिहावे, जोड कोठे येईल ती रेघ ओढावी, लवेच्या दिशेचा बाण काढावा आणि खाली सही करावी. त्या कागदाने जबाबदारी कोणाकडे आहे ते ठरते. माप चुकले तर मोजणाऱ्याचे, कापताना चुकले तर कापणाऱ्याचे, मालात दोष निघाला तर विकणाऱ्याचे. हे आधी लिहिलेले नसेल तर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पैसे मात्र चौथ्याचे जातात. माल घरी आला की कापण्यापूर्वी पूर्ण उलगडून डाग, विणीतील दोष, रोलचा लॉट क्रमांक पाहून घ्यावा. एकदा चाकू लागला, की उघड दिसणाऱ्या दोषाची तक्रार ऐकायला विक्रेता तयार होत नाही.

माप स्वतःच घ्यायचे असेल तर काही जागा अशा आहेत जेथे जाणतेही घसरतात. इंच आणि दशांश यांची गल्लत ही त्यांतली पहिली. १३ फूट ६ इंच म्हणजे १३.५ फूट; १३.६ नव्हे. मीटर आणि फूट एकाच कागदावर असतील तर ही गल्लत हमखास होते, आणि गालिचाच्या कामात ते असतातच: रोल मीटरमध्ये, दर चौरस फुटाला, खोली फूट-इंचांत. सारा हिशेब एकाच मापात आणूनच पुढे जावे. प्रत्येक दिशेला तीन ठिकाणी मोजून सर्वांत मोठा आकडा धरावा आणि त्यात कडांसाठी तीन-चार इंच मिळवावेत. दाराच्या जागी माप भिंतीपाशी थांबवू नये; गालिचा चौकटीच्या मध्यापर्यंत, दार बंद असताना फळीखाली दडेल तेथपर्यंत जायला हवा. मध्ये खांब असेल तर त्याची जागा वजा करू नये, कारण ती वजाबाकी रोलला कळत नाही. नक्षीचा गालिचा असेल आणि जोड द्यावा लागणार असेल, तर नक्षी जुळवण्यासाठी दर फाळ्याला एका आवर्तनापर्यंत माल वाढतो. चौकटीच्या कापडाचा शर्ट शिवताना कापड अधिक का लागते, हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

जिन्याचे माप उतरणीच्या सरळ रेषेत घेऊ नये. प्रत्येक पायरीची आडवी आणि उभी बाजू वेगळी मोजावी, कडेच्या वळणासाठी इंचभर द्यावा. पायरी १० इंच आणि उंची ७ इंच असेल तर एका पायरीला १८ इंच धरावे. सोळा पायऱ्यांना २४ फूट. लव खालच्या दिशेला उतरती असावी.

जोड कोठे येतो याला रंगाइतकेच महत्त्व आहे. दाराच्या तोंडाशी, किंवा बैठकीपासून काउंटरपर्यंत माणसे दिवसभर ये-जा करतात त्या वाटेवर तो येऊ देऊ नये. खिडकीच्या उजेडात आडवा पडलेला जोड सकाळच्या उन्हात उठून दिसतो. म्हणून नकाशावर दार, खिडकी आणि जड सामानाची जागा दाखवणे हा सोपस्कार नव्हे. ज्यांची खोली फारच वेडीवाकडी आहे त्यांनी रोलऐवजी चौकोनी तुकड्यांचा, साधारणपणे ५० सेंटिमीटरच्या फरशांसारखा येणारा गालिचा पाहावा. वाया कमी जातो, आणि डाग पडलेली एखादी फरशी बदलता येते. बस्त्याच्या बैठकीला मात्र त्याचा थाट कमी पडतो, हे खरे.

कामांचा क्रमही जपावा. रंग, सुतारकाम, विजेचे काम सर्व आधी, गालिचा शेवटी. गालिचा आणि त्याखालचा अस्तर-थर यांच्या जाडीमुळे दार अडकते, म्हणून सुतार हाताशी असतानाच दाराची खालची कड किती तासावी लागेल ते मिस्त्रीला विचारून घ्यावे. तळमजल्यावर फरशीला ओल येत असेल, तर पावसाळा पाहिल्याशिवाय डिंकाने चिकटवायचा गालिचा घेण्याची घाई करू नये. ओलीवर चिकटवलेला गालिचा उचलला जातो, आणि आधी वास येऊ लागतो.

व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक सावधगिरी. घरासाठी घेतलेल्या मालाबाबत वाद झाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार असतो. परंतु वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असेल तर त्या कायद्याने खरेदीदार सर्वसाधारणपणे ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेल्या वस्तूला अपवाद आहे. पण मोठ्या पेढीला त्या अपवादात शिरणे कठीण. दुकानासाठी घेतलेल्या गालिचाच्या वादात म्हणूनच आधीचा लेखी करार आणि नकाशावरची सही हाच खरा आधार. बिल दुकानाच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्यावे. त्या कराची वजावट मिळेल की नाही, हे गालिचा कसा बसवला आणि काम कोणत्या स्वरूपाचे होते यावर अवलंबून राहू शकते, तेव्हा ते कर सल्लागाराला विचारूनच पुस्तकात घ्यावे. घराच्या दिवाणखान्याचा गालिचा दुकानाच्या बिलात बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. वादाच्या वेळी तेच बिल उलटते.

अण्णांच्या दुकानात उरलेला तुकडा मिस्त्रीने गुंडाळून, लॉट क्रमांकाची चिठ्ठी आत घालून माळ्यावर ठेवून दिला होता. असा तुकडा टाकून देऊ नये, असे तो म्हणाला होता. गेल्या लग्नसराईत एका वऱ्हाडाच्या हातून बैठकीपाशी चहाचा पेला सांडला. डाग धुऊन निघेना. मिस्त्री आला, वितीएवढा चौकोन कापून काढला आणि माळ्यावरचा तुकडा मागवला. तुकड्याला चाकू लावण्याआधी अण्णा स्वतः खाली वाकले आणि तळवा फिरवून लव कोणत्या बाजूला आहे ते पाहू लागले.